सल्ला : न बघता चार्टवर "नॉर्मल" कसं लिहू?

(खान्देशातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवीनच लागलेल्या स्टाफ नर्सचं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं काढलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं : "माझी ड्युटी पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतपणानंतरच्या वॉर्डात आहे. कॉलेजात शिकवलं तसं मी प्रत्येक बाळंतिणीला छातीपासून पायापर्यंत तपासते, एकीला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. सीनियर सिस्टर दोन-तीन मिनिटांत एक पेशंट उरकतात आणि मला म्हणतात पुस्तकं घरी ठेवून ये. नाइटला मी एकटी, खाटा भरलेल्या, काही जणी खाली गादीवर. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या मागच्या शिफ्टचं बघून भरून टाक, सगळ्या नॉर्मलच आहेत. मध्ये एका पहिलटकरणीचं पोट बघताना ती जोरात ओरडली, तर सासूने वॉर्ड डोक्यावर घेतला की आमच्या सुनेला दाबून दाबून मारते का, आणि बोलणी मलाच बसली. मेट्रनकडे (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाकडे) तक्रार करू, का सगळ्यांसारखं करू, का सरळ ओपीडीला बदली मागून घेऊ?")

बेटा,

तुला जे खटकतंय ते खटकायलाच पाहिजे. न बघितलेल्या नाडीचा आकडा लिहिणं चूक आहे, त्यात मला काही दुसरं म्हणायचंच नाही, त्यावर पुढे बोलूच. पण तू चार गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात, सीनियर लोकांचा वेग, इन्चार्जचं ते सांगणं, त्या सासूचं ओरडणं आणि तुझा स्वतःचा हळूपणा, आणि मग म्हणतेस की सगळे चुकतात आणि मी एकटी बरोबर, नाहीतर मीच वेडी. तसं नाहीये. एकेक सुटं करून बघ.

आधी त्या दोन मिनिटांचं. सीनियर सिस्टर दोन मिनिटांत करतात म्हणजे त्या बघतच नाहीत असं तू धरून चाललीस, पण त्यातल्या एखादीच्या मागे एक अख्खी मॉर्निंग उभी राहून बघ ना. चांगली मुरलेली सिस्टर बाळंतिणीला म्हणते "कुशीवर वळ बरं माय" आणि तेवढ्या एका वळण्यात तिला टाके दिसतात, पॅड दिसतं, आणि कंबरेखाली चादरीवर साचलेलं रक्तही दिसतं जे पॅड वरून कोरडं असलं तरी खाली उतरलेलं असू शकतं. बाई स्वतःच्या जोरावर वळली का कण्हत वळली हेही कळतं. बाळाला पाजताना जवळ जाऊन बसली की निप्पलला चीर आहे का, छाती दगडासारखी झालीय का, बाळ नीट धरतंय का, आईची नजर बाळाकडे आहे का भिंतीकडे, सगळं एकाच वेळी समजतं, वर पाजताना पिशवी, म्हणजे गर्भाशय, आकुंचन पावते म्हणून ओटीपोटात कळ येते तीही विचारता येते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला ती जास्त येते. ती सिस्टर तुझ्याच यादीतलं बघतेय, फक्त क्रम तिने बसवून घेतलाय. हा क्रम कॉलेजात शिकवत नाहीत, तो मागून घ्यावा लागतो. तेव्हा त्यांच्यात जी खरंच बघते तिला ओळख आणि तिच्याकडून शीक. जी बघत नाही तीही असेल, पण दोघींना एका मापात मोजू नकोस.

आणि तुझी ती वीस मिनिटं, ती तरी सगळ्यांना सारखी का द्यायची? मला वाटतं तुझी खरी अडचण इथे आहे. तू प्रत्येकीला सारखा वेळ देतेस म्हणजे जिला गरज नाही तिला जास्त आणि जिला आहे तिला कमी मिळतो. डिलिव्हरीनंतरचे पहिले दोन तास सगळ्यात जोखमीचे, तेव्हा दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पिशवी आणि रक्त बघायचं म्हणतात ते उगाच नाही. तिसऱ्या दिवशी हिंडती-फिरती झालेल्या बाईला तेवढं लागत नाही. ड्युटीवर आल्यावर आधी हँडओव्हरमधून, म्हणजे मागची शिफ्ट पेशंट सोपवते तेव्हाच, वेगळ्या काढ : आत्ताच लेबर रूममधून आलेली, जुळं झालेली, खूप वेळ कळा चाललेली, आधीच्या खेपेला जास्त रक्त गेलेली, बीपीवाली, सिझरची, आणि हिमोग्लोबिन कमी असलेली. ही शेवटची आपल्याकडे फार. नॉर्मल डिलिव्हरीत 500 मिली रक्त गेलं की जास्त गेलं असं आपण शिकलो, पण जिचं हिमोग्लोबिनच सात आहे तिला त्याच्या कितीतरी आधी झेपेनासं होतं. अक्कलकुवा-धडगावकडची बाई असली तर सिकलसेलचं, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड आहे का तेही विचार, सिकलसेलवाली छातीत दुखतं म्हणाली तर गॅस म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आता मागच्या शिफ्टचं बघून भरण्याबद्दल. इन्चार्ज सिस्टर वाईट आहेत असं मला वाटत नाही, त्यांच्या डोक्यावर रजिस्टरं आहेत, रिपोर्ट आहेत, स्टाफ कमी आहे. पण त्यांनी सांगितलं ते करायचं नाही. का ते नीट समजून घे, म्हणजे कोणी विचारलं तर शांतपणे सांगता येईल. पिशवीचं कसं असतं, दोन वाजता घट्ट होती म्हणून पाच वाजता घट्टच असेल असं नाही. मध्ये बाई झोपली, लघवीला उठलीच नाही, मूत्राशय भरलं, त्याने पिशवी वर आणि बहुतेक उजवीकडे ढकलली, तिला नीट आवळता येईना आणि रक्त सुरू झालं. हे सगळं अंधारात, पांघरुणाखाली, आणि बाई झोपलीय असं समजून कोणी उठवतही नाही. तरुण बाईचं शरीर रक्त गेलं तरी बीपी बराच वेळ टिकवून धरतं, आधी नाडी पळायला लागते, बीपी फार उशिरा पडतं. म्हणून नाडीचा आकडा चढत चढत बीपीच्या वरच्या आकड्याजवळ जायला लागला की बीपी "110 आहे ना" म्हणून थांबायचं नाही. आणि हे चढणं दिसणार कसं, तर मागचे आकडे खरे असतील तरच. सगळ्या शिफ्टने 80, 80, 80 लिहिलं असेल आणि तुला 112 लागली तर तुला कळणारच नाही की हे आत्ताच झालं का चार तासांपासून चाललंय. चार्ट त्या बाईचीच त्या बाईशी तुलना करायला असतो गं. खोटा आकडा पुढच्या सिस्टरचे डोळे बांधतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच की जे बघितलं तेच लिहायचं, आणि ज्या वेळी बघितलं ती वेळ लिहायची. चारला बघायचं होतं आणि तू पाच वीसला पोचलीस तर पाच वीस लिही. नाही जमलं तर जागा रिकामी ठेव, आणि हँडओव्हरला तोंडाने सांग की या तिघींचं राहिलंय, आधी यांना बघा. रिकाम्या चौकटीवरून बोलणी बसतील, बसू दे. इन्चार्जना "तुम्ही खोटं भरायला सांगता" असं म्हणू नकोस, त्याने दार बंद होईल. म्हण, "सिस्टर, मी राऊंड मारूनच भरते, थोडा उशीर होईल, नवीन डिलिव्हरी आधी घेते." बहुतेक जणी यावर काही बोलत नाहीत. वॉर्डात बीपीचं मशीन एकच असेल, पडदा फाटका असेल, नाइटला दुसरं कोणी नसेल, तर ते लेखी दे, तारीख टाकून, एक कॉपी स्वतःकडे ठेवून. मेट्रनकडे आधी हे मागणं घेऊन जा, माणसाची तक्रार घेऊन नको. हां, पण एखादीचं रक्त जातंय आणि चार्ट नॉर्मल दाखवतोय असं डोळ्यांनी बघितलंस तर मात्र त्याच मिनिटाला डॉक्टर आणि मेट्रन दोघांना सांगायचं, तिथे सीनियर-ज्युनियर काही बघायचं नाही.

त्या पहिलटकरणीचं सांगते. तू लिहिलंस की ती ओरडली, पण हात लावायच्या आधी तिला काय सांगितलं होतंस ते पत्रात कुठेच नाही. मी तुला दोष देत नाही, घाईत राहून जातं. पण विचार कर, अठरा-वीस वर्षांची पोरगी, टाके पडलेले, आजूबाजूला पाच घरांची माणसं, आणि एक अनोळखी बाई येऊन पांघरूण वर करून पोटात हात घालते. कोणीही ओरडेल. आधी पुरुष माणसांना बाहेर काढ, पडदा ओढ, नसेल तर सासूलाच साडीचा आडोसा धरायला सांग. हा आडोशाचा उपाय फार कामाचा आहे, सासू आपोआप तुझ्या बाजूची होते. मग मुलीला लघवीला पाठव, भरल्या मूत्राशयावर दाबलं तर दुखणारच. डिलिव्हरीनंतर सहा तासांच्या आत लघवी झाली का हे तसंही लिहायचंच असतं, तेही यात होऊन जातं. परत आली की उताणं झोपवून गुडघे दुमडायला सांग, तुझे हात धुऊन चोळून कोमट कर. पोटाला घट्ट फडकं बांधलेलं असेल तर ते सोडावं लागेल, वरून चाचपून काही कळत नाही, आणि परत बांधून देते असं आधीच सांग म्हणजे सासूची चलबिचल होणार नाही. मग डावा हात ओटीपोटाच्या हाडाच्या वर आधाराला ठेवायचा, हा आधार विसरायचा नाही, आणि उजव्या हाताच्या कडेने बेंबीच्या आसपास हळू आत जायचं. घट्ट असेल तर क्रिकेटच्या चेंडूसारखी लागते. पहिल्या दिवशी बेंबीपाशी, मग रोज साधारण एक बोट खाली, दहा ते चौदा दिवसांत पोटावरून हाताला लागेनाशी होते. मऊ लागली तर तिथेच गोल गोल चोळायचं घट्ट होईपर्यंत आणि नजर पॅडवर ठेवायची, आणि चोळूनही घट्ट होईना किंवा रक्त थांबेना तर डॉक्टरांना हाक. सिझरच्या बाईला बाजूने, अगदी हलक्या हाताने. हे सगळं करताना तोंड चालू ठेव, "आता हात लावते, थोडं दुखेल, पिशवी घट्ट झाली का बघतेय, मऊ राहिली तर रक्त जास्त जातं म्हणून." सासूला पण ऐकू जाऊ दे. तिला हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

खरं तर त्या सासवांबद्दल मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तू त्यांना अडथळा समजतेस. पण रात्रभर त्या खाटेशेजारी जागी कोण असते? तू वीस जणींत एकटी, ती एकीसाठी एकटी. तिला सांग की मावशी, तासाभरात अख्खं पॅड भिजलं किंवा लिंबाएवढी गाठ पडली तर मला झोपेतून उठवा, मी रागावणार नाही. ती उठवेल.

आणि तपासताना "बरं आहे ना?" असं विचारू नकोस. आपल्याकडची बाई यावर "बरं शे" एवढंच म्हणणार, ताप असला तरी आणि डोळे मिटत असले तरी. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होतंय का, लघवीला आग होते का, किती वेळा गेलीस, संडासला झाली का का टाके तुटतील म्हणून भीतीने जातच नाहीस, असं एकेक विचार, जमेल तेवढं तिच्या बोलीत. डोकेदुखीचं तर मुद्दाम विचार, कारण कानाला रुमाल बांधला नाही म्हणून वारं लागलं असं घरचे सांगतात आणि बीपी कोणी बघत नाही. डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी चढतं, आधी कधीच बीपी नव्हतं अशा बाईलाही चढू शकतं, आणि मग झटके आले की बाहेरचं म्हणून भगताकडे नेतात. 140/90 च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं, 160/110 असेल तर धावायचं. सिझरच्या बाईला कमरेत दिलेल्या इंजेक्शननेही डोकं दुखतं, ते उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं, पण तिचंही बीपी बघून मगच तसं म्हणायचं.

तापाचंही तसंच. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो, वॉर्डातला पंखा गरमच हवा फेकतो, मग 100.4 ताप लागला तरी "उन्हाने असेल" म्हणून सगळे मोकळे. पहिल्या दिवशी पाणी कमी पडून थोडं अंग तापू शकतं, मान्य. त्यानंतर तेवढा ताप दिसला तर अंगावरून जाण्याला वास आहे का, टाके सुजले का, छातीत एका जागी लाल गरम गाठ आहे का, लघवीला त्रास आहे का हे बघितल्याशिवाय उन्हावर ढकलायचं नाही. त्यात घरचे पाणी कमी देतात, पोट सुटेल म्हणून, आणि रावेर-यावलसारख्या केळीच्या मुलखातसुद्धा काही घरांत बाळंतिणीला केळं थंड म्हणून देत नाहीत. मग लघवी कमी, संडास घट्ट, टाक्यांवर ताण. डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, बाजरीची भाकरी खुशाल खाऊ दे, त्यावर वाद घालूच नकोस, फक्त सासूसमोर एक तांब्या पाणी खाटेजवळ ठेवून घे आणि सांग की पाजणारीला तहान लागेल तेवढं प्यायचं. मेमध्ये बाजेखालच्या शेगडीला मात्र नाही म्हण. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली का हे बघायला पुस्तकातली ती पाऊल वर दाबून पोटरी दुखते का बघायची पद्धत आहे, तिच्यावर आता भरवसा ठेवत नाहीत, दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघ, एकच सुजलीय, गरम आहे, दुखतेय, तर कळव.

मनाचं कोणी लिहीत नाही म्हणून तू लिहावंस असं मला फार वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बऱ्याच जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे चाललं, किंवा बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाकडे बघायची इच्छा नाही, जगून काय करू असं तोंडातून आलं, तर ते आजारपण आहे, तिसरी मुलगी झाली म्हणून नाराज आहे असं म्हणून पुढे जायचं नाही. यासाठी एडिनबर्ग स्केल म्हणून दहा प्रश्नांचा तक्ता 1987 पासून आहे, पण तुझ्या नाइटला तो नाही जमला तरी "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का" एवढं एकटीला गाठून विचार. कोणी बोललीच तर डॉक्टरांना सांग, आणि घरी गेल्यावरसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर कार्डावर लिहून दे, फुकट आहे. जगायचं नाही म्हणणारीला मात्र नंबर देऊन सोडायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत कोणीतरी शेजारी बसायचं.

डिस्चार्जच्या दिवसाला वेळ ठेव. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये सुरू झाला, त्यात राहणं, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट आहे, तरी लोक दुसऱ्याच दिवशी निघायची घाई करतात, घरी कापूस वेचायचा असतो, गुरं असतात. नॉर्मलला 48 तास का थांबायचं ते त्यांना शेतातल्या कामासारखं रोखठोक सांग. आणि एक गोष्ट नक्की विचार : इथून कुठे जाणार? पहिलटकरीण माहेरी जाते आणि कार्डावर सासरचं गाव असतं, मग आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या घरी जाणार ते घरच चुकतं. दिवाळीनंतरची असेल तर कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातला निघणार आहे का तेही विचार, म्हणजे लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जास्तीच्या देता येतील का हे डॉक्टरांना विचारता येईल, डिलिव्हरीनंतर सहा महिने घ्यायच्या असतात त्या. जास्त रक्त, ताप, वास, न थांबणारी डोकेदुखी, झटके, दम लागणं, एका पायाला सूज, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन, हे सासूकडून एकदा तोंडाने म्हणवून घे. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नकोस. हे वाचणाऱ्या ज्या कोणी घरी बाळंतीण सांभाळताय, त्यांच्यासाठी पण हेच आहे. लाल अंगावरून जाणं तीन-चार दिवस, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं होत चार ते सहा आठवडे, हे चालायचंच, पण फिकट झालेलं परत लालभडक सुरू झालं आणि झोपूनही कमी होईना तर दाखवायला या.

बदलीचं विचारलंस. आत्ता नको मागू. इथे तुझा हात बसायला वेळ लागेल, पण बसेल, आणि ज्या बाईला वेळेवर उठवून लघवीला पाठवलंस तिच्या घरच्यांना तू काय केलंस ते कधी कळणारही नाही. तरीही वर्षभराने वाटलं तर माग, ओपीडीतही काम आहेच. दीड महिन्याच्या लसीला आया येतात ना, सगळे बाळाकडे बघतात, मांडीवर इंजेक्शन देतात, कार्ड भरतात आणि पाठवून देतात. आईला कोणी बसवतही नाही. तिथे कधी ड्युटी लागली तर तिचं बीपी घे, डोळ्याची पापणी खाली ओढून बघ, टाके भरले का, लघवी कंट्रोल होते का, खोकताना थेंब जातात का, पुढचा पाळणा लांबवायचं काय ठरवलंय आणि गोळ्या संपल्यात का ते विचार. ती ओरडणारी पोरगीही त्याच सुमाराला येईल, तिलाही विचार.